सुटणारी पिशवी

आष्ट्याच्या एस. टी. स्टँडमागं एका गल्लीत ताडपत्री शिवणारे चाचा बसतात. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या, ट्रॅक्टरचं हूड, फवारणीच्या पंपाचे पट्टे, पोरांच्या दप्तराची चेन, जे येईल ते शिवतात. माझं त्यांच्याशी नातं नाही. आमची भेट एकदाच झाली, तीही एका दुपारपुरती. तरी मी आज इथं बसून हे लिहिते आहे ती त्यांच्यामुळं, म्हणून आधी त्यांचं सांगितलं. काय झालं ते आता सांगते.

आमचं गाव जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. घर मेंढरांचं. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाकडं जायचं आणि उन्हाळा संपता संपता परत यायचं. शाळा त्यातच सुटली. कुणी काढलं नाही. दरवर्षी निम्मं वर्ष मी वर्गात नसायचीच, आणि नववीला परत गेले तेव्हा फळ्यावरचं काही कळेना. दोन आठवडे मागच्या बाकावर बसले आणि मग मीच जायची बंद झाले. आईनं माझ्या हातात काठी दिली. तिला एक जास्तीचा हात मिळाला होता.

मेंढरांमागं चालणाऱ्या बायकांना एक गोष्ट कुणी शिकवत नाही, ती आपोआप अंगात येते. जे बांधलेलं नाही ते गेलं. कळप थांबत नाही. वाटेत तांब्या पडला, चप्पल पडली, तरी मागं फिरून शोधायला सवड नसते. म्हणून घोड्याच्या पाठीवर सगळं आवळून बांधायचं. मेंढरं कोंडायचं जाळं, भांडी, कोंबड्या, रात्रीच जन्मलेलं कोकरू, आणि चालता न येणारं पोर. मीही लहानपणी तशीच बांधलेली होते, आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं, दोन पातेल्यांच्या मधे. रडले की आई मागनं पट्टी चाचपून बघायची. घट्ट असली की तिला बरं वाटायचं.

मोठी झाले तशी मावशीच्या ओळखीनं पाटणच्या वर, कोयनेच्या पाण्याकाठी, शहरातल्या पाहुण्यांच्या एका कॅम्पवर स्वयंपाकाला लागले. घरापासून तीन गाड्या बदलून पूर्ण दिवसाची वाट. पहिल्या दिवशी मी ते पाणी बघितलं आणि दोन पावलं मागंच सरले. आमच्याकडं पाणी म्हणजे घागरीत मावेल तेवढं. हे तर डोंगराच्या पायथ्यापासून पलीकडच्या डोंगरापर्यंत नुसतं पडलेलं होतं, कुणी न वापरता. मला मुळातच काळजी फार. गॅस बंद केला का ते मी उठून उठून बघते. त्या पाण्याकडं मात्र मी पाठ करूनच भाकऱ्या थापायचे.

पण तिथं मला एक खोली मिळाली होती. पत्र्याची, एका खाटेची, आणि आतून कडी लावता येणारी. आयुष्यात पहिल्यांदा मी कडी लावून झोपले. ती जागा गेली तर घरी परत, आणि घरी परत म्हणजे पुन्हा कळपामागं, नाहीतर लग्न. त्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मला ती कडी सोडायची नव्हती.

हिवाळ्यात मालकांनी नवीन काढलं. तीन दिवस होडीनं फिरायचं, रात्री काठावर तंबू टाकायचे. होडी लांबट, दोन्ही टोकांना निमुळती. मालक तिला कॅनो म्हणायचे, आम्ही होडीच म्हणायचो. पाहुण्यांबरोबर स्वयंपाकाला कुणीतरी पाहिजे.

"तू जायचं," मालक म्हणाले. "जमत नसेल तर आत्ताच सांग, म्हणजे मला दुसरी बघता येईल."

"जमंल," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"सुट्टीवर चाललीयस तर येताना तुझ्यापुरती एक दणकट बॅग घेऊन ये. आपल्याकडच्या सगळ्या पाहुण्यांना लागतील."

घरी गेले तेव्हा अंगणात बॅगांचा बाजारच मांडला. माझं जुनं दप्तर होतं, त्याच्या चेनचे निम्मे दात पडलेले. वहिनीची लग्नातली चाकांची बॅग होती.

"ही न्हे की," वहिनी म्हणाली. "पाण्यावरनं गडगड वडत जा, लोकं बघत्याली."

आईचं मत पोत्याला. तोंड बांधलं की झालं काम. शेवटी मामा उठले आणि त्यांच्या घरातनं पिट्टू घेऊन आले. मामा फौजेत होते. पिट्टू म्हणजे त्यांची पाठीवरची पिशवी, हिरवी, मागं लोखंडी चौकट, खांद्याला दोन जाड पट्टे, छातीवर एक, कमरेला एक. मामांनी तो माझ्या पाठीवर चढवला आणि एकेक पट्टा गुडघा लावून आवळला.

"फौजेची चीज हाय ही," ते म्हणाले. "एकदा आवळली की मरंस्तवर अंगावरनं उतरत न्हाई."

वडील एका मेंढराच्या खुरातला काटा काढत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पाण्यावर जायाला एवढं कशाला? गळ्यात दगूड बांधला तरी भागतंय की."

सगळे हसले. मीही हसले. वडिलांना भीती वाटली की ते अशीच थट्टा करतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी मात्र पिट्टूच घ्यायचा ठरवलं. चारी पट्टे अंगाला बसले तेव्हा मला खूप दिवसांनी धीर आला होता. आता माझ्याजवळचं काही सुटणार नाही असं वाटलं.

सांगलीहून कराडकडं जाणाऱ्या गाडीत गर्दी होती. कंडक्टरनं मधल्या वाटेतला पिट्टू ओढून बाजूला केला आणि कमरेचा पट्टा फाटकन उसवला. आष्टा येत होतं. दुसरी कुणी असती तर पाटणला जाऊन शिवला असता. माझ्या जिवाला ते जमेना. मी उतरले आणि विचारत विचारत त्या गल्लीत गेले.

दुकान म्हणजे पत्र्याचा आडोसा. निळ्या, पिवळ्या ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या, सोल्युशनचा वास, आणि मधे मशीनवर चाचा. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"चाचा, एवढा पट्टा शिवून द्या. दोरा डबल घाला. तुटता कामा नये."

त्यांनी पिट्टू उलटापालटा करून बघितला. "मिलट्रीत भरती झालीस व्हय, पोरी?"

"न्हाई, कोयनंवर चाललीया. होडीतनं जायाचं हाय, तीन दिवस."

"पवायला येतंय?"

"न्हाई. जाकीट देत्यात तिथं."

"आन हे पाठीला आवळून होडीत बसणार?"

"व्हय. चारी पट्टं."

चाचांनी पिट्टू बाजूला ठेवला. "मग हा पट्टा मी शिवत न्हाई."

मला वाटलं थट्टा करतायत. म्हणाले, "आवं चाचा, माझी गाडी जाईल."

"जाऊ दे."

"मग मी दुसरीकडनं शिवून घिते."

"घे की. चौकात एक बसतोय, तो दील शिवून. पर बुडलीस तर माझ्या दोऱ्यानं बुडू नगंस."

मला राग आला की आधी रडू येतं. तसंच झालं. चाचांनी तांब्या पुढं सरकवला, स्टूल दिलं, आणि मी पाणी पीत असताना, माझ्याकडं न बघता, त्यांनी त्यांच्या धाकट्या भावाचं सांगितलं. भाऊ नदीकाठच्या एका गावात शिलाईकाम करायचा. एका वर्षी पाणी गावात शिरलं.

"कमरंएवढंच व्हतं गं. लोकं चालत भाईर आली. ह्यानं मशीनची मुंडी काढली, वरचं लोखंड, आन पाठीला बांधली. कापडाच्या पट्टीनं. छातीवर गाठ मारली, हात मोकळं ऱ्हावंत म्हणून. मशीन गेली तर खायाचं काय, एवढंच त्याच्या डोक्यात. वाटंत चर व्हता, पाण्याखाली दिसला न्हाई. त्यात उताणा पडला."

त्यांनी मशीनवरचा दोऱ्याचा तुकडा बोटानं उचलला.

"दुसऱ्या दिवशी घावला. गाठ तशीच. भिजून दगडावाणी झालीवती. नखं उलटली व्हती त्याची, सोडवून सोडवून. मी कात्रीनं कापली."

मी तांब्या खाली ठेवला. तेवढ्यात एक माणूस मोटरसायकल न थांबवताच गल्लीतून ओरडला, "चाचा, पंपाचा पट्टा?"

"उद्या ये."

"काल बी उद्याच म्हणलासा!"

"मग कालचंच खरं करतोय न्हवं का!"

तो माणूस शिव्या घालत गेला. चाचा थोडं हसले, आणि त्या हसण्यानंच दोघांना जरा मोकळं केलं. ते उठले, गुंडाळ्यांच्या मागनं जाड करड्या ताडपत्रीचा तुकडा काढला. "बस. पिशवीच बदलू."

आता आम्ही दोघांनी मिळून पिशवी ठरवायला सुरुवात केली. चौकट नको; होडीत अडकते. बाहेरचे कप्पे नकोत. नुसतं नळकांडं, खताच्या पोत्यासारखं, जोड गरम हवेनं चिकटवलेले. तोंड तीनदा दुमडून बंद करायचं, म्हणजे आत पाणी जात नाही आणि आतली हवा बाहेर येत नाही. तयार झाल्यावर चाचांनी तिच्यावर बसून बघितलं. हवा धरून राहिली. राहिला पट्टा, एकच, खांद्यावरनं येऊन काखेखाली बांधायचा. दप्तराचं क्लिप लावून बघितलं. ते दाबायला दोन्ही बोटं नीट बसावी लागतात, आणि वजन लोंबत असलं की अडतं. मग दोन कड्यांतून ओवलेली पट्टी करून बघितली. तीही ओढली की आणखीनच आवळायची.

"चाचा, मी दाखवू?" मी म्हणाले.

मी पट्टी घेतली आणि आम्ही घोडं बांधतो ती गाठ मारली. कितीही ताण आला तरी धरते, पण शेपूट ओढलं की एका झटक्यात मोकळी. चाचांनी पिशवीत कात्र्या, लोखंडाचे तुकडे भरले, खुंटीला टांगली आणि शेपूट ओढलं. पिशवी धाडकन खाली पडली. शेजारच्या दुकानदारानं डोकं बाहेर काढून बघितलं.

"कुणी शिकिवली?"

"घोड्याची हाय. लांडगं आलं तर घोडं पळायला पायजे."

"आन पोरास्नी कसली गाठ मारता?"

"पक्की," मी म्हणाले. आमच्यात घोड्याला सुटायची गाठ, आणि पोराला पक्की. इतकी वर्षं मी दोन्ही गाठी मारत होते आणि हे कधी मनात आलं नव्हतं.

चाचांनी पट्टीच्या शेपटाला एक लाकडी मणी शिवला, जांभळाएवढा. "डोळं मिटून हुडक," म्हणाले. मी डोळे मिटून चाचपत राहिले, तो बोटाला लागला की ते म्हणायचे, "पुन्यांदा."

"होडीत पाठीला घालायचीच न्हाई," त्यांनी बजावलं. "म्होरं ठिवायची, सैल. पर तू घालणार. दिसतंय मला तुझ्या तोंडावर. म्हणून हा मणी."

काय देऊ विचारलं तर हात झटकला. "माघारी आलीस की दाखवून जा. वेळ आली तर सुटती का न्हाई, ते मला सांग. मला कळाय पायजे. आन तुझ्या मामाचा हा पिट्टू हितंच ऱ्हाऊ दे तवर."

कराडची पुढची गाडी मिळाली तेव्हा ऊन उतरलं होतं.

सहलीत माझ्या होडीला मागं वल्हं मारायला तात्या होते. तिथल्याच काठच्या गावचे, पन्नाशीचे, पाण्यावर वाढलेले. पाहुण्यांच्या दोन होड्या पुढं. चांगली जाकिटं पाहुण्यांना गेली. माझ्या वाट्याला आलं त्यातला फोम दबून पापडासारखा झालेला. मी पिशवी पाठीला घातली. चाचांनी सांगितलेलं सगळं आठवत होतं, तरी घातली. खाली ठेवली की मी सारखी वाकून तीच चाचपत बसायचे.

"एस. टी. त बसलीस काय गं?" तात्या म्हणाले. "उतरीव की ते."

"असू दे, तात्या."

"बरं. कंडक्टर आला की उठीव मला."

दोन दिवस नीट गेले. पाहुण्यांना पिठलं आवडलं, त्यांनी ताटांचे फोटो काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी खोऱ्यातनं वारा सुटला. आधी पाण्यावर काटा आल्यासारखं झालं, मग लाटा होडीच्या कडेवर आपटू लागल्या. धरणाच्या पाण्यात जुन्या झाडांची खोडं अजून उभी आहेत, पाणी भरलेलं असलं की दिसत नाहीत. अशा एका खोडावर आमची होडी बाजूनं चढली आणि पालथी झाली.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. गार. हिरवा अंधार. मी पालथ्या होडीच्या खाली होते. पिशवीत हवा होती, ती वर जाऊ बघत होती आणि मला होडीच्या पोटाशी दाबून धरत होती. पट्टा बसायच्या फळीत अडकला होता. मी ओरडायला तोंड उघडलं आणि पाणी आत गेलं. हातानं मी पट्टा धरला, आणि हे सांगायला मला अजून कसंतरी होतं, मी तो सोडवत नव्हते. घट्ट धरून बसले होते. जे बांधलेलं नाही ते गेलं, हेच अंगात. मग बोटाला मणी लागला. बोटानं तो ओळखला, माझ्या आधी. ओढला.

पाठ एकदम हलकी झाली. मी होडीच्या बाहेर आले तेव्हा तात्या माझ्या जाकिटाला धरून ओरडत होते. काय ओरडत होते ते कळलं नाही. माझ्यामागनं पिशवी वर आली, हेलकावे खात. तात्यांनी ती माझ्या छातीखाली सारली आणि म्हणाले, "आता मार मिठी. आता मार." त्यांचा पाय खोडावर आपटून गुडघा फाटला होता. तशा पायानं त्यांनी मला काठापर्यंत ढकलत नेलं.

कॅम्पवर परतलो तेव्हा मालकांचा फोन आला. पाहुणे ठीक आहेत ना, त्यांनी विचारलं. मग भांडी किती गेली ते विचारलं. माझं त्यांनी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं तेव्हा नवलही वाटलं नाही. मी भांड्यांबद्दल माफी मागितली.

पाहुण्यांनी कुठंतरी तक्रार लिहिली. होडीच्या सहली बंद झाल्या, पुढं कॅम्पही बंद झाला. तात्यांचा गुडघा नीट बरा झाला नाही; ते आता वल्ह्यावर बसत नाहीत असं ऐकते. माझी कडीची खोली गेली. घरी मी एवढंच सांगितलं की होडी उलटली, भांडी गेली. वडील फोनवर म्हणाले, "पिट्टू ऱ्हायला का?"

"ऱ्हायलाय."

"मग बरं."

कॅम्प सोडून निघाले तेव्हा मी आष्ट्याला उतरले. दुकानाला फळ्या लावलेल्या. फटीतनं आत बघितलं तर भिंतीवर मामांचा पिट्टू टांगलेला दिसला, धूळ न बसलेला. कुणीतरी पुसत असणार. शेजारच्या दुकानदारानं मला ओळखलं.

"तुमीच काय ती होडीवाली? चाचा मिरजंला गेल्यात लेकीकडं, डोळ्याचं आपरेशन हाय. रोज इचारायचं, आली का म्हणून. काय सांगू?"

"आलीवती एवढं सांगा. सुटली का न्हाई, ते मीच येऊन सांगीन."

असं का म्हणाले? तिथंच सांगून टाकायला पाहिजे होतं. तो माणूस सांगेल का, नीट सांगेल का, चाचा काय समजतील, ही काळजी तेव्हापासून माझ्या मागं आहे. पण ज्या गोष्टीसाठी ते थांबले होते ती रस्त्यात तिसऱ्या माणसाच्या हाती द्यायला माझं मन झालं नाही.

आता मी कर्नाटकात, घाटाखाली, दुसऱ्या एका नदीकाठच्या कॅम्पवर स्वयंपाकाला आहे. दुसरं कुठलं काम मला येत नाही. खोलीत आम्ही चौघी आहोत, कडी कुणीही लावतं. सकाळी चूल पेटवायच्या आधी मी नदीत गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहते. पोहता येतं असं म्हणवणार नाही. पाय सोडून थोडा वेळ तरंगता येतं. अजूनही झोपेत हात पट्ट्याला घट्ट धरतो आणि बोटं मणी शोधत राहतात. पिशवी खिळ्याला टांगलेली आहे. ताडपत्री एका बाजूनं खरवडलीय, गाठीची पट्टी मात्र तशीच.

चाचांचे डोळे आता कसे आहेत मला माहीत नाही. दिसत नसलं तरी चालेल. सुट्टी मिळाली की मी आष्ट्याला जाईन, पिशवीत त्यांच्याच दुकानातल्या कात्र्या आणि लोखंड भरीन, पाठीला घालीन, आणि त्यांच्यापुढं पाठ करून उभी राहीन. मणी त्यांच्या हातात देईन आणि म्हणेन, चाचा, ओढा.